ऑर्किडचे पान आणि घरातली माणसे

नवी मुंबईतल्या घरात आढळणारे ऑर्किड बहुधा फॅलेनॉप्सिस असते, आणि बहुधा ते कोणीतरी दिलेले असते. वास्तुशांत, बढती, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस किंवा दिवाळीला कंपनीकडून आलेली भेट, अशा एखाद्या निमित्ताने ते दारात येते. येताना त्याला चार-सहा रुंद, जाड, तकतकीत पाने असतात आणि त्यांच्यामधून निघालेल्या वाकलेल्या दांड्यावर पांढरी किंवा राणी रंगाची आठ-दहा फुले असतात. फुले दोन ते तीन महिने टिकतात. तेवढा काळ रोप हॉलमध्ये टीव्हीशेजारी राहते, पाहुण्यांना दाखवले जाते, आणि खरे आहे की प्लास्टिकचे हे ठरवण्यासाठी प्रत्येक पाहुणा एक पाकळी चिमटीत धरून पाहतो. फुले गळली की त्याची बदली बाल्कनीत होते आणि पुढे कपड्यांच्या स्टँडखाली. पानांच्या तक्रारी साधारण याच टप्प्यावर सुरू होतात.

हे झाड मूळचे फिलिपिन्स, इंडोनेशिया, तैवान या बाजूच्या दमट रानांतले. तिथे ते मोठ्या झाडांच्या खोडांना मुळांनी धरून राहते. त्या झाडांकडून ते आधाराशिवाय काही घेत नाही. आपल्याकडे फांदीवर उगवणाऱ्या प्रत्येक वनस्पतीला सरसकट बांडगूळ म्हणतात, ते ऑर्किडच्या बाबतीत अन्यायाचे आहे. मातीशी त्याचा संबंध येत नाही. मुळांवर पांढरट, सच्छिद्र आवरण असते. पावसाची सर आली की ते पाणी शोषून हिरवे दिसते, वाळले की रुपेरी होते. पानांवरची रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे दिवसाच्या उन्हात पाणी फारसे उडून जात नाही. शिवाय जाड पानांत पाण्याचा साठा असतोच. एवढ्या तरतुदीमुळे झाड सोशिक झाले आहे, आणि निदानातली मोठी अडचण हा सोशिकपणाच आहे. पानावर आज जे दिसते ते महिना-दीड महिन्यापूर्वी घडून गेलेले असते. घरात मात्र ठपका नेहमी परवाच्या घटनेवर येतो: ग्रहण, घराचे रंगकाम, नवी कामवाली किंवा समोरच्या ब्लॉकमधल्या बाईंची नजर.

म्हणून पानावरून झाडाचा रोग ओळखण्यापेक्षा त्या घराच्या सवयी ओळखणे सोपे जाते. उपायही बहुतेक वेळा सवयींवरच करावा लागतो.

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण म्हणजे लुळे पडलेले, सुरकुतलेले पान. त्याचा अर्थ एवढाच की पानापर्यंत पाणी पोचत नाही. यावर घरातला निष्कर्ष ठरलेला असतो, की पाणी कमी पडते. आणि उपायही ठरलेला असतो, की पाणी वाढवा. बरीच ऑर्किडे या उपायाने दगावतात. पान लुळे पडण्याची दोन अगदी उलट कारणे असू शकतात. एकात मुळे सुकून गेलेली असतात, दुसऱ्यात ती कुजलेली असतात. दोन्ही बाबतीत पाणी वर चढत नाही आणि वरून पाहणाऱ्याला दोन्ही पाने सारखीच दिसतात. फरक कळायला मुळे पाहावी लागतात. निरोगी मूळ बोटाने दाबले तर टणक लागते. कुजलेले तपकिरी आणि पोकळ असते, त्याची साल चिमटीत येते आणि आतला दोरा तेवढा उरतो. मुळे दिसावीत म्हणूनच उत्पादक हे रोप पारदर्शक कुंडीत पाठवतात. पण पारदर्शक कुंडी हॉलमध्ये शोभत नाही, म्हणून ती चिनी मातीच्या, सोनेरी काठाच्या, बिनभोकाच्या कुंडीत बसवलेली असते. त्या कुंडीच्या तळाशी दोन बोटे पाणी साचलेले आहे याची घरात कोणालाच खबर नसते.

हे पाणी कोणा एकाच्या हातून जास्त होत नाही. सकाळी आजोबा तुळशीला पाणी घालतात आणि तांब्यात उरलेले ऑर्किडला देतात. अकराच्या सुमारास मावशी बाल्कनी धुतात, तेव्हा झाडावरची धूळही धुऊन निघते. संध्याकाळी नातवाला शाळेच्या प्रकल्पासाठी एका वनस्पतीचे निरीक्षण करायचे असते, आणि पाणी घातल्याशिवाय निरीक्षण केल्यासारखे वाटत नाही. प्रत्येकाचे पाणी आपापल्या हिशेबाने बेताचेच असते. रविवारी घरातले कर्ते माणूस आठवडाभर आपले झाडाकडे दुर्लक्ष झाले म्हणून भरपाईदाखल मगभर ओतते. पाणी खाली गळले तर खालच्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे भिजतात, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येतो, म्हणून कुंडीखाली ताटली ठेवलेली असते आणि मुळे त्या ताटलीत मुक्कामाला असतात. पावसाळ्यात डासांच्या अळ्या शोधत येणारा महापालिकेचा कर्मचारी हा बहुधा त्या कुंडीखाली डोकावणारा एकमेव माणूस.

अमेरिकेत फॅलेनॉप्सिसला आठवड्यातून एकदा बर्फाचे तीन खडे द्यायची पद्धत आहे. उष्ण प्रदेशातल्या झाडाला बर्फ म्हणजे अत्याचार, असे पुष्कळांचे मत होते. पण 2017 साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका विद्यापीठीय प्रयोगात बर्फ दिलेल्या रोपांची फुले साध्या पाण्यावरच्या रोपांइतकीच टिकली. पद्धतीचे खरे बळ गारव्यात नाही, मोजण्यात आहे. घरातली तीन माणसे एकाच दिवशी फ्रीजर उघडून बर्फ काढणार नाहीत. बर्फ नको असेल तर नियम सोपा आहे: मुळे रुपेरी दिसली की पाणी, हिरवी असतील तर थांबावे. भर उन्हाळ्यात ही पाळी तीन-चार दिवसांनी येते, पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी. पाणी सकाळी घालावे, भरपूर घालावे, पूर्ण निथळू द्यावे. आणि हे काम घरातल्या एकाच माणसाकडे असावे, शक्यतो विसराळू माणसाकडे.

मुळे कुजलीच असतील तर कुंडी बदलण्याला पर्याय नाही. विकत आणलेल्या रोपाची मुळे शेवाळात घट्ट आवळून बसवलेली असतात. कोरड्या हवेच्या हरितगृहात ते ठीक असते. नवी मुंबईच्या जुलैत तेच शेवाळ दोन-दोन आठवडे वाळत नाही. ते सगळे काढून टाकावे, कुजलेली मुळे कापावीत आणि रोप लाकडी कोळसा, विटांचे तुकडे व नारळाच्या सोडणाचे चौकोनी तुकडे यांच्या मिश्रणात बसवावे. सोडणे आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवावीत, म्हणजे त्यांतला तपकिरी अर्क आणि क्षार निघून जातात. कोळसा इस्त्रीवाल्याकडे मिळतो. तो कशाला हवा हे त्याला सांगितले तर तो पैसे घेत नाही, पण पुढचे काही महिने इस्त्रीचे कपडे घेताना झाडाची चौकशी करतो. माती एक चिमूटही घालू नये. लाल माती आणि शेणखत भरून केलेली कुंडी दिसायला भक्कम दिसते आणि ऑर्किड त्यात एका पावसाळ्यात संपते. निरोगी झाडाचीही कुंडी दीड-दोन वर्षांनी, फुले संपल्यावर, बदलावी.

पान पिवळे पडणे हा दुसरा मोठा धसका. सर्वांत खालचे पान पिवळे पडत असेल तर ते म्हातारपण आहे. वर्षाला एखाद-दुसरे पान असे जाते आणि वर नवे येते. ते पान ओढून काढू नये, पूर्ण वाळले की आपण सुटते. काळजी करायची ती मधले, सर्वांत कोवळे पान पिवळे किंवा काळे पडले तर. फॅलेनॉप्सिसला वाढीचा कोंब एकच असतो, पानांच्या बेचक्यात. तिथे पाणी साचून तो कुजला की झाड वर वाढत नाही. रानात हे झाड खोडावर कललेले असते, पाणी आपोआप ओघळते. कुंडीत मात्र ते ताठ उभे केलेले असते आणि त्याच्या बेचक्यात पाणी राहते. तिथे पाणी गेले तर टिशूपेपरच्या टोकाने टिपून घ्यावे.

उन्हाने भाजलेले पान ओळखायला चुकत नाही. पानाच्या उंचवट्यावर, जिथे ऊन थेट पडते तिथे, आधी पांढुरका आणि मग पेंढ्याच्या रंगाचा कोरडा डाग पडतो, कडा काळपट होते. डाग पसरत नाही, ओला होत नाही. हा रोग पाम बीच रस्त्याच्या बाजूच्या इमारतींत विशेष. तिथे खाडी दिसणाऱ्या पश्चिमेच्या बाल्कनीसाठी घर घेणाऱ्याने काही लाख रुपये जास्त मोजलेले असतात, त्यामुळे घरातली चांगली वस्तू त्याच बाल्कनीत ठेवली जाते. होळीनंतरचे चार वाजताचे ऊन खाडीच्या देखाव्यासकट सरळ पानावर येते. डाग जात नाही. झाड सरकवले की पुढची पाने नीट येतात. बाजारातली हिरवी जाळी पन्नास ते पंचाहत्तर टक्के सावलीची मिळते, ती लावली तरी भागते.

उलट पाने गडद हिरवी, लांब आणि मऊ असतील तर घरातले लोक खूश असतात. झाडाची तब्येत सुधारली, असे फोनवर गावाला सांगितले जाते. प्रत्यक्षात ते झाड अंधारात उपाशी आहे. पुरेशा उजेडातल्या फॅलेनॉप्सिसचे पान पोपटीकडे झुकणारे हिरवे असते, काही जातींत कडेला जांभळी छटा दिसते. गडद हिरव्या झाडाला फूल येत नाही. नवी मुंबईतली बरीच निरोगी, हिरवीगार, बिनफुलांची ऑर्किडे केवळ सोफ्याच्या कोपऱ्यात बसवल्यामुळे वर्षानुवर्षे तशी आहेत. पेपर दिवा न लावता वाचता येईल अशी, पण थेट ऊन न येणारी जागा त्यांना लागते.

खरा कसोटीचा काळ जून ते सप्टेंबर. शहरात अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, हवेतला दमटपणा नव्वदीकडे जातो, आणि सरी आत येतात म्हणून बाल्कनीच्या सरकत्या काचा बंद होतात. पानावर पाणी झिरपल्यासारखा एक पारदर्शक ठिपका दिसतो, दुसऱ्या दिवशी तो रुपयाएवढा होतो, तिसऱ्या दिवशी अर्धे पान तपकिरी, लिबलिबीत होऊन वास मारू लागते. हा जिवाणूंचा मऊ कुजवा. यात वेळ हेच औषध. डागाच्या खाली बोटभर निरोगी भाग घेऊन पान कापावे, पाते आधी आणि नंतर गॅसच्या ज्योतीवर तापवून घ्यावे, आणि कापलेल्या जागेवर दालचिनीची पूड लावावी. दालचिनी जखम कोरडी करते आणि बुरशीला रोखते. तीच पूड मुळांवर टाकली तर मुळेही कोरडी करते, म्हणून हात आवरावा. प्रत्यक्षात घरात पहिले दोन दिवस ग्रुपवर फोटो टाकण्यात जातात. तिथे कोणी ताक फवारायला सांगतो, कोणी हळद, कोणी केळ्याच्या सालीचे पाणी. एक ॲप फोटो पाहून हे झाड अळूचे आहे असे सांगते. ताक आणि केळ्याचे पाणी मिळून कुजव्याला उत्तम खुराक होतो.

कुजवा टाळायचा उपाय म्हणजे हलती हवा, आणि तो शोधायला माणसाला बरीच वर्षे लागली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडातल्या श्रीमंतांना ऑर्किडचे वेड लागले, तेव्हा उष्ण प्रदेशातले झाड म्हणून ते बंद काचघरात, भट्ट्या पेटवून, वाफेत कोंडून ठेवत. जहाजे भरभरून आलेली रोपे तिथे मेली. ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या चॅट्सवर्थ येथील बागेचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने काचघराची हवा मोकळी केली, उष्णता कमी केली आणि रोपे जगू लागली. नवी मुंबईच्या बंद बाल्कनीत तो इतिहास दर जुलैत पुन्हा घडतो, फक्त भट्टीचा खर्च वाचतो. काच चार बोटे उघडी ठेवावी. ते जमत नसेल तर छोटा टेबलफॅन झाडाकडे नव्हे, झाडावरून जाईल असा लावावा.

पानांची टोके काळी पडणे हे काटकसरी घराचे लक्षण. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून एक नळी पाणी बाहेर टाकते. ते वाया जाऊ नये म्हणून नळीखाली बादली असते, आणि बादलीतले पाणी झाडांना जाते. हेतू स्तुत्य आहे, पण यंत्राने प्यायच्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्याच बादलीत असतात. जास्वंद ते काही काळ सहन करते. ऑर्किडच्या मुळांवर क्षारांचे पांढरे पुट चढते आणि पानांची टोके जळतात. त्या पाण्याने लादी पुसावी. ऑर्किडला नळाचे साधे पाणी चालते आणि पावसाचे त्याहून चांगले. नुकसान झालेच असेल तर कुंडीतून साधे पाणी दोन-तीनदा भरपूर वाहू द्यावे.

किडींचे प्रकरण थोडक्यात आटोपते. पानाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे दिसले तर पिठ्या ढेकूण, पानामागे तपकिरी टिकल्या चिकटल्या असतील तर खवले कीड. दोन्हींवर स्पिरिटमध्ये बुडवलेला कानकोरणीचा कापूस फिरवावा. 2020 सालच्या सॅनिटायझरच्या बाटल्या अजून कपाटात असतील तर त्यांतले पातळ सॅनिटायझरही चालते. पान मागून रुपेरी, बारीक ठिपक्यांचे झाले तर कोळी. ते कोरड्या हवेत, एसीच्या खोलीत होतात, पान ओल्या फडक्याने पुसत राहिले की जातात. दांड्यावर नुसते चिकट, पारदर्शक थेंब असतील आणि कीड दिसत नसेल तर ते झाडाचाच मधुरस आहे. मुंग्यांना हे कोणी न सांगता माहीत असते. पावसाळ्यात गोगलगायी रात्री येऊन मुळांची कोवळी टोके खातात आणि आळ उंदरांवर येतो.

एक लक्षण मात्र गंभीर. पानावर फिकट पट्टे किंवा चौकटीदार ठिपके उमटत असतील आणि ते प्रत्येक नव्या पानावर येत असतील, तर विषाणूची शंका घ्यावी. सिंबिडियम मोझॅक हा त्यातला जगभर पसरलेला. त्यावर औषध नाही. तो एका झाडाची छाटणी करून त्याच कात्रीने दुसऱ्याची केल्याने पसरतो, म्हणजे त्याचा वाहक घरातला सर्वांत टापटीप माणूस असतो. झाड वेगळे ठेवावे किंवा टाकावे. ते शेजाऱ्यांना भेट देण्याचा प्रघात आहे, तो बंद व्हावा.

पाने सावरली की प्रश्न उरतो फुलांचा. पहिली फुले आली तेव्हा रोप उत्पादकाच्या थंड केलेल्या हरितगृहातून आलेले होते. दुसऱ्या फुलांची जबाबदारी घरावर येते. फुले गळल्यावर दांडा हिरवा असेल आणि झाडाला चार-पाच ठणठणीत पाने असतील, तर बुडापासून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेराच्या थोडे वर दांडा कापावा. तिथून दोन-तीन महिन्यांत फाटा फुटून थोडी लहान फुले येऊ शकतात. पाने लुळी असतील किंवा दांडा वाळला असेल तर तो बुडातून कापावा. हिरव्या फांदीला कात्री लावायला घरातल्या ज्येष्ठांचा विरोध असतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी वाळका दांडा दोन-दोन वर्षे आधाराच्या काडीला बांधलेला उभा असतो. कधीकधी दांड्याच्या पेरावर फुलाऐवजी पाने आणि मुळे असलेले पिल्लू येते; उष्णता जास्त असली की हे होते. मुळे दोन इंचांची झाली की ते कापून वेगळे लावता येते.

नव्या दांड्यासाठी उजेडानंतर महत्त्वाची गोष्ट तापमान. रात्री गारवा मिळाला की दांडा येतो, असा समज बराच काळ रूढ होता. 2006 साली अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या ब्लँचर्ड आणि रंकल यांनी दाखवले की निर्णय दिवसाच्या तापमानावर होतो: दिवसा 29 अंश राहिलेल्या रोपांना रात्रीचा भरपूर गारवा देऊनही वीस आठवड्यांत दांडे जवळपास आलेच नाहीत. नवी मुंबईतल्या घरांसाठी ही बातमी गैरसोयीची आहे. इथे एसी रात्री चालतो आणि विजेच्या बिलाच्या भीतीने सकाळी सातला बंद होतो, म्हणजे झाडाला नेमका नको तेव्हा गारवा मिळतो. तैवानातले उत्पादक पूर्वी रोपे डोंगरावर नेऊन ठेवत. पनवेलकरांना सुमारे 800 मीटर उंचीचे माथेरान जवळच आहे, पण तिथे मोटारींना बंदी असल्याने कुंडी गाडीतून थेट वर नेता येणार नाही. सुदैवाने डिसेंबर-जानेवारीत शहराची हवा आपणहून उतरते. बाहेर दुपारी तीस अंश झाले तरी पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खोलीत ते सव्वीस-सत्तावीसवर राहू शकते. झाड त्या खोलीच्या खिडकीशी ठेवले तर जानेवारीच्या सुमारास दांडा फुटण्याची शक्यता चांगली असते.

फुटते ते दांडाच आहे का, हा पुढचा वाद. मुळाचे टोक गोल, गुळगुळीत आणि चमकदार असते. दांड्याचे चपटे आणि किंचित एका बाजूला दुमडलेले असते. सुरुवातीचे आठ-दहा दिवस दोन्ही सारखेच दिसतात. या काळात फोटो नातेवाइकांना जातात, अभिनंदने येतात, आणि तिसऱ्या आठवड्यात ते टोक वळून शांतपणे कुंडीत शिरते.

खताबद्दल गैरसमज मोठा आहे. फूल आणण्यासाठी द्राक्ष बागायतदारांच्या ओळखीचे 0:52:34 कृषी सेवा केंद्रातून आणले जाते. खताने दांडा येत नाही. उजेड आणि तापमान जमले तर जो येणार तो सशक्त येतो, इतकेच. वाढीच्या काळात 19:19:19 लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, पुरे. हे खत एक किलोच्या पुड्यात मिळते. आठवड्याला पाव लिटर द्रावण धरले तर एक पुडा एका कुंडीला दीडशे वर्षे पुरतो. पहिल्याच पावसाळ्यात त्याचा दगड होतो.

दांडा दिसल्यापासून फूल उमलायला साधारण तीन महिने जातात. या काळात झाड हलवू नये. कळ्या उजेडाच्या दिशेने मांडणी करतात. पाहुण्यांकडे तोंड यावे म्हणून कुंडी फिरवली की कळ्याही फिरतात आणि दांड्याला पीळ पडतो. झाडू मारताना कुंडी उचलणे आणि परत तिथेच पण उलटी ठेवणे, हा रोजचा अपघात. आणि सर्वांत मोठा अपघात हंगामाने ठरवलेला आहे. जानेवारीतल्या दांड्याच्या कळ्या मार्च-एप्रिलमध्ये भरतात, आणि नेमका तेव्हाच वाशीच्या बाजार समितीतून हापूसची पेटी घरी येते. पेंढ्यात पिकणारा आंबा इथिलीन वायू सोडतो. फॅलेनॉप्सिसच्या कळ्यांना तो अत्यल्प प्रमाणातही सोसत नाही. बंद हॉलमध्ये दिवाणाखाली पेटी आणि टीव्हीशेजारी झाड असले तर कळ्या पिवळ्या पडून गळतात आणि उमललेली फुले एक-दोन दिवसांत मिटतात. केळी आणि सफरचंदेही हेच करतात, पण त्यांना कोणी पेटीभर आणून अंथरत नाही. आंबा आणि ऑर्किड यांपैकी कोण खोली सोडणार, हा प्रश्न घरात कधी मतदानाला येत नाही. ऑर्किडला हलवावे.

एवढ्या अटी जड वाटणाऱ्यांसाठी डेंड्रोबियम आहे, लग्नाच्या स्टेजवर दिसणारे जांभळे ऑर्किड. त्याच्या बाजारातल्या बहुतेक जाती उष्णतेच्या आहेत, त्यांना गारव्याची अट नाही. सकाळचे दोन-तीन तास ऊन मिळाले तर वर्षातून दोनदाही फुलतात. त्यांच्या जुन्या खोडांची पाने गळतात, ते दुखणे नाही, आणि त्या उघड्या खोडांवरही फूल येते, म्हणून ती वाळली असे समजून कापू नयेत. वांडा लाकडी चौकटीत, मुळे उघडी सोडून टांगतात. त्याला भरपूर उजेड आणि उन्हाळ्यात रोज पाणी लागते, म्हणजे तीन माणसांनी पाणी घालणाऱ्या घराला तो एकटाच मानवतो.

आपल्या सह्याद्रीतही ऑर्किडे मुबलक आहेत. फादर सांतापाव आणि कापडिया यांचे मुंबई प्रदेशातल्या ऑर्किडांवरचे इंग्रजी पुस्तक 1966 साली निघाले. मे-जूनमध्ये झाडांच्या फांद्यांवरून गुलाबी तुरे लोंबणारी सीतेची वेणी ही त्यांतली सर्वांत देखणी. रस्त्याच्या कडेला कोणी फांदीसकट तोडून आणलेले जुडगे विकत असेल तर घेऊ नये. रानातून उपटलेले ते झाड फ्लॅटच्या बाल्कनीत क्वचितच जगते, आणि ऑर्किडांचे संपूर्ण कुळ वन्य जातींच्या व्यापारावरच्या साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराखाली येते. झाड रोपवाटिकेत वाढवलेलेच घ्यावे.

पूर्वेची खिडकी असेल तर फॅलेनॉप्सिस, सकाळचे ऊन येणारी मोकळी बाल्कनी असेल तर डेंड्रोबियम घ्यावे. दोन्ही नसेल तर दादरच्या फुलबाजारातून डेंड्रोबियमच्या दांड्या आणाव्यात. पाणी बदलत राहिले तर त्या आठवडा-दोन आठवडे टिकतात, आणि त्यांना पाने नसतात.